खांबामागचा माणूस

मामा नवी गाडी घेतोय, हे आईने फोनवर सांगितलं तेव्हा मला आधी वाटलं की ती दुसऱ्याच कुणाच्या तरी मामाबद्दल बोलते आहे.

आमच्या घराण्यात मामाला विचारल्याशिवाय कुणी गाडी घेत नसे, आणि ज्याने घेतली त्याला पुढची गाडी घेईपर्यंत ऐकून घ्यावं लागे. मामाचं पडद्यांचं आणि सोफ्याच्या कापडाचं दुकान. त्यामुळे कुठल्याही गाडीत बसला की तो इंजिनाकडे नंतर वळायचा, आधी सीट चाचपायचा. अंगठ्याने शिवण ताणून बघायची, मग दोन बोटांनी दाबून आतला फोम. "वरून मखमल, आत भुसा," असा निकाल लागला की ती गाडी बाद. मग दार लावून बघायचा. आवाज 'धप्प' आला पाहिजे. 'टण्' आला तर पुढचं काही बघायचंच नाही.

त्याची मतं आम्हा भाचरांना पाठ होती. जर्मन गाडी म्हणजे थोरामोठ्यांची लेक, घरात आली की मान वाढतो, पण तिचे नखरे पुरवताना कंबर मोडते. जपानी गाडी तोंडातून शब्द काढत नाही, खाली मान घालून काम करते. कोरियन गाडी अंगभर दागिने घालून भाजी आणायला निघते. आणि फ्रेंच गाडी दिसायला लाख सुरेख, पण एकदा रुसली की तिची समजूत काढणारा मेकॅनिक दिवा घेऊन शोधावा लागतो. माझ्या बाबांनी छतात काच असलेली गाडी घेतली तेव्हा मामा तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "भाऊजी, पत्र्याला भोक पाडायचे जास्तीचे पैसे दिलेत? आमच्या दुकानाच्या छताला पडलंय की, फुकटात." बाबा पुढे आठवडाभर त्याच्याशी धड बोलले नाहीत.

पण त्याचं सगळ्यात ठाम मत नव्या गाडीबद्दल होतं. नवी गाडी घेणं म्हणजे शुद्ध गाढवपणा. "शोरूमचा उंबरा ओलांडला की किंमत धाडकन खाली येते. एका उंबऱ्यासाठी एवढे पैसे?" तो स्वतः जन्मभर दुसऱ्याच्या हातच्या गाड्या चालवत आला. शेवटची पांढरी जपानी गाडी तर इतकी जुनी होती की मामी तिला सवत म्हणायची.

आणि हा माणूस साठी उलटल्यावर कोरी करकरीत गाडी घेणार होता.

"डोक्यावर परिणाम झालाय का रे तुझ्या?" आईने त्याला विचारलं. ती त्याची थोरली बहीण, तिला तो अधिकार होता.

"ताई, आयुष्यभर लोकांच्या घामाचा वास असलेल्या सीटवर बसलो. एकदा तरी माझ्या आधी कुणी न बसलेल्या सीटवर बसू दे की."

शोरूमला तो मला बरोबर घेऊन गेला, कारण कर्जाचे कागद मला कळतात. तिथला सेल्समन पन्नाशीचा, शांत, आणि त्याच्या गळ्यात असा लालभडक टाय की मामाने त्याचं नाव तिथल्या तिथे 'टायवाला' ठेवून टाकलं. टायवाल्याने वरच्या मॉडेलपासून सुरुवात केली. चारी बाजूंचे कॅमेरे, बाजूला कुणी आलं की वाजणारी घंटी, पडद्यावर सगळं चित्र.

"हे कुणासाठी?" मामाने विचारलं.

"सेफ्टीसाठी, साहेब."

"ज्याला मान वळवायचा कंटाळा, त्याच्यासाठी. मला मान आहे. सगळ्यात खालचं मॉडेल दाखवा."

मग पॉलिशचे पैसे काढून टाकायला लावले, पायपुसण्यांचे काढायला लावले, आणि विम्याच्या आकड्यावरून इतका वेळ घासाघीस केली की शेजारच्या टेबलावरचं जोडपं आपली खरेदी सोडून ऐकत बसलं. टायवाल्याने शेवटी हात जोडले. आम्ही बाहेर पडलो तेव्हा मामाने माझ्या पाठीवर थाप मारली. "ठमे, याला म्हणतात गाडी घेणं." माझं खरं नाव ठमी नाही. पण तो मला दुसरं काही म्हणालेला मला आठवत नाही.

गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी मामीला ताप होता, म्हणून पुन्हा मीच गेले. गाडीवरचं कापड ओढलं, फोटो काढले, टायवाल्याने किल्ली दिली. मामा आत बसला, सीटवरचं प्लास्टिक स्वतःच्या हाताने फाडलं आणि डोळे मिटून एक लांब श्वास घेतला. त्याचा चेहरा इतका निवला होता की मी दुसरीकडे बघितलं.

मी त्याच्या डावीकडे बसले होते. मोठा रस्ता सोडून आम्ही दुकानांच्या गल्लीत वळलो. मामा गिअरची तारीफ करत होता, कसा लोण्यातून सुरी जावी तसा पडतो वगैरे, आणि माझ्या कानाशी 'फाट' असा आवाज झाला. आमचा आरसा कडेला उभ्या असलेल्या टेम्पोच्या आरशावर आपटून आत मिटला होता.

"काय झालं?" मामाने विचारलं.

"मामा, आरसा! टेम्पोला लागला ना!"

"कुठला टेम्पो?"

मला वाटलं, थट्टा करतोय. नवी गाडी, पहिला ओरखडा, कुणालाही कबूल करायला जड जातं. मी काच खाली करून आरसा सरळ केला. तो पुन्हा बोलायला लागला.

गल्ली संपते तिथे रस्ता ओलांडायचे पट्टे आहेत. एक म्हातारे गृहस्थ चार पायांचा वॉकर टेकत फुटपाथवरून खाली उतरले. पहिलं पाऊल, मग दुसरं. मामा वेग कमी करेल म्हणून मी वाट बघत होते. त्याने केला नाही. तो समोर बघत होता, चेहऱ्यावर तेच हसू, आणि गाडी त्याच चालीने पुढे जात होती.

मी किंचाळले. दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. गाडीने गचका खाल्ला, माझं कपाळ समोर आदळलं, इंजिन बंद पडलं. वॉकरचा एक पाय बंपरला टेकला होता आणि त्या गृहस्थांचा हात आमच्या बॉनेटवर होता. पडू नये म्हणून माणूस भिंतीवर ठेवतो तसा.

मामा त्या हाताकडे बघत राहिला.

"हा... हे कुठून आले?"

"तिथेच होते, मामा."

"कुठे तिथे?"

"फुटपाथवर होते. मग खाली उतरले. तुझ्या समोरून चालत आले!"

"नाही गं," मामा म्हणाला. "एकदम उगवले. रिकामा होता रस्ता."

तो खोटं बोलत नव्हता. लहानपणापासून मी त्याला ओळखते. खोटं बोलताना त्याचा कान लाल होतो. त्या दिवशी त्याचे कान, ओठ, सगळंच पांढरं पडलं होतं. लोक जमले, कुणी शिव्या दिल्या, कुणी त्या गृहस्थांना पाणी दिलं. त्यांना लागलं नव्हतं. ते वॉकर टेकत निघून गेले. तिथून घरापर्यंत गाडी मी चालवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाचा फोन आला. आवाज पूर्वीसारखा खणखणीत. "सापडलं! खांब! काचेच्या कडेचा खांब जाड केलाय लेकांनी. हल्ली त्यात एअरबॅग कोंबतात, आणि खांब असा होतो, मांडीएवढा. त्याच्यामागे अख्खा माणूस लपतो. डिझाइनमध्येच खोट आहे. गाडी परत घ्यायला लावतो की नाही बघ."

खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. खांबाचा दोष असेल तर बरंच होतं.

शोरूमच्या मागच्या आवारात टायवाल्याने गाडी उभी केली. मामा ड्रायव्हरच्या सीटवर, मी मागे डावीकडे. "मी समोर त्या पाटीकडे बघतो," मामा त्याला म्हणाला, "चालवताना बघतो तसा. तुम्ही गाडीभोवती हळूहळू फिरा. तुम्ही दिसेनासे झालात की मी सांगतो. ठमे, तू मागून लक्ष ठेव. पुरावा पाहिजे."

टायवाला मामाच्या उजव्या दारापासून निघाला. मामा म्हणत होता, "दिसतोय... दिसतोय..." टायवाला बॉनेटच्या कोपऱ्याशी आला. "दिसतोय." गाडीच्या बरोबर समोर आला. "दिसतोय." मग डावीकडे दोन पावलं टाकली.

"गेला," मामा म्हणाला. "बघितलंस? गेला खांबामागे."

मी टायवाल्याकडे बघत होते. तो डाव्या दिव्याजवळ उभा होता. खांब त्याच्यापासून हातभर दूर होता. त्याच्या आणि मामाच्या मध्ये स्वच्छ नवी काच होती, बाकी काही नव्हतं. मला त्याच्या शर्टाची बटणं मोजता आली असती.

"अजून नाही," मामा म्हणाला. "अजून खांबामागेच."

टायवाला चालत खांबाच्या पलीकडे आला, माझ्या बाजूच्या पुढच्या खिडकीशी. तिथे थांबला. तो भडक लाल टाय खिडकीच्या मधोमध होता.

"अजून नाही. केवढा जाड केलाय बघ खांब!"

टायवाल्याने आत माझ्याकडे पाहिलं. त्याच्याही लक्षात आलं होतं. त्याने हळूच हात वर केला आणि हलवला. मामा पाटीकडे बघत बसला होता, शांत, आपलं म्हणणं खरं ठरल्याच्या समाधानात.

"मामा," मी म्हटलं. "आता मान न हलवता सांग. डावीकडच्या पुढच्या खिडकीत काय दिसतंय?"

"काय दिसायचंय? आवार. भिंत."

"आता वळून बघ."

तो वळला. टायवाला खिडकीत हात वर करून उभा होता, एका फुटावर.

मामा ओरडला. मोठा माणूस असा ओरडलेला मी ऐकला नव्हता. मग तो पुन्हा समोर वळला, पुन्हा खिडकीकडे, पुन्हा समोर. असं चार-पाच वेळा. प्रत्येक वेळी टायवाला त्याच्यासाठी नाहीसा होत होता आणि परत येत होता.

त्याने मला ड्रायव्हरच्या जागी बसवलं. तोच खेळ माझ्यासमोर केला. खांबामागे टायवाल्याचा फक्त एक खांदा, तोही क्षणभर लपला. मी तसं सांगितलं. टायवाल्याने किल्ली माझ्या हातात दिली आणि एवढंच म्हणाला, "मॅडम, घरी तुम्हीच चालवत न्या."

डोळ्यांच्या दवाखान्यात मामाने तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ धडाधड वाचली आणि विजयी नजरेने आमच्याकडे पाहिलं. मामीचा ताप उतरला नसतानाही ती आली होती. मग त्याला एका अर्ध्या गोल भांड्यासारख्या मशीनपुढे बसवलं. मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं, कडेला कुठेही दिवा चमकला की बटण दाबायचं. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "मशीन नादुरुस्त आहे. मधेमधे दिवे लागतच नव्हते."

डॉक्टरबाईंनी कागद टेबलावर ठेवला. दोन वर्तुळं, दोन डोळ्यांची. दोन्ही कडेने काळी, आणि डाव्या अंगाला काळोख पार आत घुसलेला.

"काका, हा काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढतो आणि नस हळूहळू वाळते. मधलं शाबूत राहतं, म्हणून वाचता येतं. कडेचं जातं."

"पण मला काळं कुठेच दिसत नाही," मामा म्हणाला. "सगळं स्वच्छ दिसतंय. ही भिंत, हे कपाट, तुम्ही."

"तेच तर. काळं दिसलं असतं तर तुम्ही कधीच आला असता. जिथे दिसत नाही तिथे मेंदू आजूबाजूचं बघून भर घालतो. रस्ता असेल तर रस्ता. भिंत असेल तर भिंत."

म्हणजे त्या दिवशी मामाला खरोखरच रिकामा रस्ता दिसला होता.

"औषधाने परत येईल ना?" मामीने विचारलं.

"गेलेलं येत नाही. उरलेलं सांभाळू. थेंब रोज घालायचे, एकही दिवस चुकवायचा नाही. आणि गाडी आजपासून बंद."

मामा गाडीसाठी भांडेल असं मला वाटलं होतं. त्याने वेगळंच विचारलं. "हे कधीपासून असेल?"

"नक्की सांगता येत नाही. पण इतकं व्हायला बरीच वर्षं लागतात."

मामाने तो कागद उचलला. "अहो," मामी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, पण त्याचं लक्ष नव्हतं. तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "लोक हॉर्न मारायचे. मी म्हणायचो, च्यायला, हल्ली कुणाला गाडी चालवता येत नाही." मग कागद खाली ठेवून, "पोरांना शाळेत सोडायचो मी. नातवंडांना."

मामीने तोंडाला पदर लावला. दुकानातल्या कापडाच्या गठ्ठ्यांवर, टेबलाच्या कोपऱ्यांवर आपटून त्याचं डावं मनगट आणि मांडी कायम काळीनिळी असायची. ती त्याला धसमुसळा म्हणायची. आम्ही सगळेच म्हणायचो.

त्यानंतर तो दुकानात जायचा, यायचा, कुणाशी बोलायचा नाही. मोटारींची मासिकं मामीने कपाटात ठेवली तरी त्याने विचारलं नाही. एक दिवस त्याने मला बोलावून घेतलं आणि म्हणाला, "मला त्या गृहस्थांना भेटायचंय. वॉकरवाल्यांना."

"कशाला मामा? ते विसरलेही असतील."

"मी नाही ना विसरलो."

आम्ही त्या पट्ट्यांजवळच्या बाकावर जाऊन बसायला लागलो. मी कामावरून सुटले की बसायचो. औषधाच्या दुकानदाराने सांगितलं की ते रोज संध्याकाळी पाव आणायला येतात, पण हल्ली दिसले नाहीत. ते ऐकून मामाचा चेहरा उतरला. शेवटी एका संध्याकाळी ते आले. वॉकर तोच. मामा उठून त्यांच्यासमोर गेला, हात जोडले आणि सगळं सांगितलं. डोळ्यांचं, मशीनचं, कागदावरच्या काळोखाचं. मध्ये एकदाही गाडीचं नाव घेतलं नाही.

ते गृहस्थ ऐकत राहिले. मग म्हणाले, "पण तुम्ही तर मला 'जा' म्हणालात."

"मी?"

"हो. मी फुटपाथवर थांबलोच होतो. गाडी येताना बघून थांबलो होतो. तुमचं तोंड माझ्या दिशेला होतं. तुम्ही हसलात आणि मान डोलावलीत. मला वाटलं, भला माणूस आहे, आधी जायला सांगतोय. म्हणून तर उतरलो."

मामा मटकन बाकावर बसला. मला आठवलं, तो त्या वेळी गिअरची तारीफ करत होता, आणि बोलता बोलता मान डोलवायची त्याला सवयच आहे.

"अहो, बसा, बसा, घाबरू नका," ते गृहस्थच त्याची समजूत घालायला लागले. स्वतः वॉकरला धरून उभे, आणि एका हाताने मामाची पाठ थोपटत होते. "मला काही झालं नाही ना? झालं का काही? मग!"

घरी परतताना मामा माझ्याशेजारी बसून रडला. मी गाडी कडेला घेतली नाही, हळू चालवत राहिले.

ती गाडी पुढे मीच घेतली. मी पूर्ण रक्कम देणार होते, पण त्याने ऐकलं नाही. "उंबरा ओलांडलेली गाडी आहे. वर आरसा खरचटलाय. मी असतो तर एवढे दिले नसते." मी वाढवत होते आणि तो पाडत होता. शेवटी मामी म्हणाली, "दोघंही वेडे आहात, मधला आकडा धरा." तो धरला.

डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, रक्ताच्या नात्यात असतो हा, भावंडांनी तपासून घ्या. मामाने सगळ्यांच्या मागे तगादा लावला. धाकटा मामा टाळाटाळ करत होता, तर हा त्याच्या दारात जाऊन बसला. धाकट्याचे डोळे ठणठणीत निघाले. माझेही.

आईचे निघाले नाहीत. तिला कसलाच त्रास नव्हता. सुईत दोरा ओवायची, लांबून बसचा नंबर वाचायची. तरी दाब वाढलेला होता, आणि वर्तुळाच्या कडेला नखाएवढा काळा डाग होता. "वेळेत आलात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हा एवढ्यावर थांबवता येईल."

आई घरी आली आणि पलंगावर बसली. मी तिच्या डोळ्यांत पहिले थेंब घातले. तिने डोळे मिटून ठेवले, मग उघडले, आणि मला खिडकीपाशी बोलावलं.

"इथे बस. माझ्या शेजारी. आणि समोर बघून सांग, तुला काय काय दिसतंय."

मी सांगू लागले. समोरची गच्ची. टाकी. दोरीवरचे कपडे, त्यातला एक निळा टॉवेल. खाली सायकल, तिच्या सीटवर मांजर. ती प्रत्येक गोष्टीला "हं" म्हणत होती.

"आणि कडेला?"

"कडेला झाड आहे. त्याच्या अलीकडे एक बाई फोनवर बोलत उभी आहे."

"हो," आई म्हणाली. "दिसली मला बाई." मग तिने विचारलं, "हिरव्या साडीतली ना?"

"हो, हिरवी."

"सगळं आलं ना? काही राहिलं नाही ना?"

"नाही गं. सगळं आलं."

तिने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "पुन्हा एकदा सांग. पहिल्यापासून."